काचेतून घरी आलेल्या बाळाची गुळणी

कमी दिवसांचं बाळ काही आठवडे काचेत राहून घरी येतं, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर बरंच काही लिहिलेलं असतं. वजन, डोळ्यांच्या तपासणीची तारीख, लोहाचे थेंब, पुढची भेट. घरात पहिल्याच आठवड्यात उठणारा प्रश्न मात्र त्यात बहुतेकदा नसतो: हे सारखं दूध का काढतं? चऱ्होलीच्या गावठाणात हा प्रश्न आजीपुढे जातो. आसपास उभ्या राहिलेल्या नव्या सोसायट्यांत नवरा चाकणला सेकंड शिफ्टला आणि सासर-माहेर दोन्ही लातूर-नांदेडकडे. तिथे तो मोबाइलपुढे जातो. उत्तर दोन्हीकडून एकाच वळणाचं येतं, काहीतरी द्या. आजीचं काहीतरी म्हणजे गुटी किंवा ग्राइप वॉटर. मोबाइलचं काहीतरी म्हणजे ॲसिडिटीचे थेंब, नाहीतर दूध घट्ट करणारी पावडर.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या विषयावर जगभर जे काम झालं, त्याचा कल मात्र काही न देण्याकडे गेला आहे. औषधं एकेक करून मागे पडली. बाळाला किती पाजायचं, कसं धरायचं, कसं निजवायचं याकडे लक्ष वळलं. हा आढावा त्या बिगर-औषधी उपायांचा आहे. औषध नाही म्हणजे निर्धोक, हा समज या विषयात फार महागात पडलेला आहे. म्हणून प्रत्येक उपायाला दोन प्रश्न विचारायला हवेत. याने ओकणं खरंच कमी होतं का, आणि त्याची किंमत बाळ कशात मोजतं?

आधी व्याप्ती. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळं ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मली, असा अंदाज २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केला. जगातल्या अशा दर पाच बाळांमागे एक तरी आपल्याकडचं. 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही' असं अजूनही बायका बोलतात. ते खरं नाही. पोटात जितके दिवस जास्त, तितकं बाळ सुखरूप. पूर्वी जी बाळं हाती लागत नसत ती आता सर्रास घरी येतात. पिंपरीच्या संत तुकारामनगरात महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, ज्याला सगळे वायसीएम म्हणतात. पुण्यात ससून आहे. भोसरी-मोशीकडे खासगी नवजात अतिदक्षता कक्षही आहेत. बाळ जगवण्याची विद्या इथवर आली. घरी आल्यावर त्याला रात्री तीन वाजता कोण आणि कसं पाजतं, ही विद्या मात्र घराघरावर सोडलेली आहे.

आता पोटात काय होतं ते पाहू. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक कडी असते. ही कडी कच्ची असते म्हणून दूध वर येतं, असं सांगायची पद्धत आहे. ते अर्धंच खरं. कमी दिवसांच्या बाळातही ही कडी एरवी बऱ्यापैकी आवळलेली असते, असं दाब मोजून दिसलेलं आहे. ती गिळणं चालू नसतानाही मधूनच काही क्षण आपोआप सैल पडते, आणि दूध नेमकं तेव्हा वर सरकतं. हे मोठ्या माणसातही होतं. पण मोठ्या माणसाचं अन्न घट्ट असतं, अन्ननलिका लांब असते आणि तो दिवसाचा बराच वेळ उभा किंवा बसलेला असतो. बाळाचं सगळं अन्न पातळ, नलिका काही सेंटिमीटरची आणि दिवसभर आडवं.

शिवाय प्रमाण पाहा. दीड किलोच्या बाळाला वाढीच्या दिवसांत किलोमागे १५० मिलिलिटर दूध लागतं, म्हणजे दिवसाला २२५ मिलिलिटर. साठ किलोच्या माणसाला याच हिशेबाने रोज नऊ लिटर दूध प्यावं लागेल, तेही पडून. इतकं पचवून त्यातलं थोडं वर आलं तर त्यात नवल कसलं? अमेरिकन बालरोग अकादमीने २०१८ च्या अहवालात हेच म्हटलं आहे: कमी दिवसांच्या बाळांत दूध वर येणं जवळजवळ सगळ्यांत आढळतं आणि बहुतेकांत ती शरीराची नेहमीची क्रिया असते. पूर्ण दिवसांच्या बाळांतही चौथ्या महिन्यापर्यंत ते वाढत जातं. अमेरिकेतल्या १९९७ च्या एका पाहणीत चार महिन्यांची ६७ टक्के बाळं दिवसातून एकदा तरी गुळणी टाकत होती, आणि दहा ते बारा महिन्यांत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं होतं. आपल्या बाळाचे महिने मोजताना ते किती आधी आलं तेवढे आठवडे वजा करायचे असतात, हे लक्षात असू द्या.

'ॲसिड रिफ्लक्स' या नावातलं ॲसिडही या वयात बेताचंच असतं. दोन-तीन तासांनी पोटात दूध पडत असल्याने आम्ल बराच वेळ मारलेलं राहतं, आणि वर येतं ते बहुतांशी आम्ल नसलेलं किंवा सौम्य आम्ल असलेलं दूध. आम्ल कमी करणारं औषध देऊन ओकणं का थांबत नाही, याचं साधं उत्तर इथे आहे. आम्ल कमी होतं, दूध तितकंच वर येतं.

औषधांचा इतिहास थोडक्यात उरकतो. सिसाप्राइड हृदयाच्या ठोक्यांतल्या बिघाडामुळे २००० साली अमेरिकेच्या बाजारातून गेलं. मेटोक्लोप्रमाइडवर २००९ मध्ये तिथे ठळक इशारा छापावा लागला. डॉम्पेरिडोन आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं; अमेरिकेत त्याला कधी मान्यताच मिळाली नाही. आम्ल कमी करणाऱ्या रॅनिटिडिनची गोष्ट सर्वांत बोलकी. इटलीत दीड किलोहून कमी वजनाच्या २७४ बाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना रॅनिटिडिन दिलं त्यांच्यात ३७ टक्क्यांना जंतुसंसर्ग झाला, न दिलेल्यांत सुमारे १० टक्क्यांना. आतडं सुजून कुजण्याचा एनईसी नावाचा जीवघेणा आजार औषध घेतलेल्यांत साडेसहा पटींनी जास्त दिसला. पोटातलं आम्ल हे जंतूंना अडवणारं पहिलं दार. ते आपणच उघडं टाकतो. लॅन्सोप्राझोलची २००९ ची चाचणी जरा मोठ्या, प्रामुख्याने पूर्ण दिवसांच्या बाळांवर झाली: औषध घेणाऱ्यांतल्या ५४ टक्के बाळांना बरं वाटलं, आणि नुसतं औषधासारखं दिसणारं द्रव्य घेणाऱ्यांतल्याही ५४ टक्के बाळांना. काही मोजक्या बाळांना ही औषधं लागतात आणि तो निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांनीच घ्यायचा. शेजारच्या बाळाची बाटली आपल्याकडे आणायची नाही, एवढं तरी पाळावं.

आणखी एक गैरसमज डॉक्टरांतही रुजलेला होता. बाळ मधूनच श्वास घ्यायचं थांबतं, निळसर पडतं, ते दूध वर आल्यामुळे, असा. नलिकेतली हालचाल आणि श्वास एकाच वेळी नोंदवल्यावर २०१० च्या एका अभ्यासात अशा घटनांपैकी ३ टक्क्यांहून कमी घटनांच्या आधी दूध वर आलेलं आढळलं. म्हणजे ज्या कारणासाठी सर्वांत जास्त घाईने औषध सुरू होत असे, ते कारणच बहुतेक वेळा चुकीचं होतं. श्वास थांबत असेल तर त्याचा शोध वेगळा घ्यायचा.

आता उपाय, आणि त्यात पहिला पाजण्याचा. याविषयीचा पुरावा लहान-लहान अभ्यासांतून आलेला आहे, पण त्यांचा सूर एक आहे: दूध थोडं थोडं, सावकाश गेलं तर वर कमी येतं. दीड किलोच्या त्याच बाळाचे २२५ मिलिलिटर तीन तासांनी द्यायचे तर वेळेला २८ मिलिलिटर पडतं. दोन तासांनी दिलं तर १९. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. चऱ्होलीच्या वन बीएचकेत मात्र त्याचा अर्थ दिवसाला आठऐवजी बारा वेळा दूध काढणं, भांडी उकळणं, पाजणं आणि धरून बसणं असा होतो, आणि आई एकटी असेल तर तिच्या झोपेचं काही खरं नाही. म्हणून हा उपाय सरसकट सांगण्याजोगा नाही. आधी एक साधी गोष्ट तपासावी, बाळाला गरजेपेक्षा जास्त तर पाजलं जात नाही ना? वजन वाढवायच्या धडपडीत ओकलेलं दूध लगेच 'भरून काढायची' सवय घरोघर असते. ओकलेल्या दुधाचा डाग दुपट्यावर मोठा दिसतो. चमचाभर पाणी त्याच दुपट्यावर सांडून पाहिलं की अंदाज येतो.

सावकाश म्हणजे किती, हे रुग्णालयात नळीने पाजताना नीट कळतं. नाकातून किंवा तोंडातून जठरापर्यंत बारीक नळी गेलेली असते. तिच्या वरच्या टोकाला दट्ट्या काढलेली सिरिंज लावून त्यात काढलेलं दूध ओततात आणि ते आपल्या वजनाने उतरू देतात. सिरिंज हातभर उंच धरली तर दूध धावत जातं. बाळाच्या अंगापासून थोडीच वर ठेवली तर रेंगाळत उतरतं. जाणत्या सिस्टरचा हात दूध उतरताना वर-खाली होत असतो, बाळाने तोंड वाकडं केलं की सिरिंज खाली येते. दट्ट्याने ढकलून पाच मिनिटांचं काम एका मिनिटात उरकणारेही असतात, विशेषतः एका सिस्टरकडे बाळं जास्त असली की. यावर उपाय तज्ज्ञांच्या अहवालात नाही. तो मनुष्यबळाच्या तरतुदीत आहे. आणि नळीचं स्वतःचंच एक दुखणं आहे. ती त्या कडीतून आरपार गेलेली असल्याने कडी पुरती मिटत नाही, आणि नळी असताना दूध जास्त वर येतं, हे मोजून दाखवलेलं आहे. त्यामुळे बाळ तोंडाने पिऊ लागलं की नळी वेळेत काढणं, हाही या यादीतला एक उपायच.

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमाराला बसू लागतो. तोवर वाटी-चमचा किंवा पलाडी. जुन्या घरात असलेलं चोचीचं बोंडलं हे त्याच कामाचं भांडं. यातलं काहीही वापरलं तरी दूध ओठाशी टेकवायचं आणि बाळाला ते आपल्या आपण ओढू द्यायचं. घशात ओतायचं नाही. बाटलीचं भोक मोठं असेल तर दूध बाळाच्या वेगाने न येता बाटलीच्या वेगाने येतं. त्यासोबत हवाही पोटात जाते. शक्यतो बाटली नकोच.

दुधांत आईचं दूध या बाबतीतही पुढे आहे. कमी दिवसांच्या बाळांवरच्या १९९४ च्या एका अभ्यासात आईचं दूध जठरातून अर्धं पुढे जायला सरासरी ३६ मिनिटं लागली, पावडरच्या दुधाला ७२. लवकर पुढे सरकणारं दूध मागे यायला कमी वेळ मिळतो. ज्या आईला दूध पुरत नाही, तिच्यासाठी महाराष्ट्रात जुनी सोय आहे: आशियातली पहिली मानवी दूध पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आता पुण्यात ससूनमध्येही अशी पेढी आहे. काढलेल्या दुधात प्रथिनं आणि कॅल्शियम वाढवणारी पावडर रुग्णालयात मिसळतात, तिने ओकणं थोडं वाढू शकतं. पण तेवढ्यासाठी ती घरच्या घरी बंद करू नये. हाडं आणि वाढ यांसाठी ती दिलेली असते. दुपट्यावरच्या डागापेक्षा तो हिशेब मोठा आहे.

बाळाला कुठल्या कुशीवर ठेवायचं, यावर सर्वांत जास्त संशोधन झालं आणि गोंधळही सर्वांत जास्त इथेच आहे. अन्ननलिका जठरात जिथे उघडते ते तोंड जठराच्या मागच्या-वरच्या बाजूला असतं. बाळ उताणं असलं की हे तोंड दुधात बुडतं. डाव्या कुशीवर किंवा पालथं असलं की ते दुधाच्या पातळीच्या वर राहतं आणि कडी सैल पडली तरी वर जाते ती हवा. उजव्या कुशीवर दूध नेमकं तोंडाशी साचतं, पण जठर पुढच्या बाजूने लवकर रिकामंही होतं. यावरून २००७ मध्ये एका छोट्या अभ्यासात पाजल्यावर पहिला तास उजवी कूस आणि मग डावी, असा क्रम करून पाहिला, आणि तो बऱ्यापैकी जमला. डावी कूस आणि पालथं ठेवणं यांनी दूध वर येणं कमी होतं, यावर बहुतेक अभ्यासांचं एकमत आहे.

मग घरीही तसंच निजवावं का? नाही. अतिदक्षता कक्षात बाळाच्या पायाला प्राणवायू मोजणारी पट्टी असते, डोक्याशी मॉनिटर वाजत असतो, सिस्टर असते. तिथे पालथं ठेवलेल्या बाळाचा श्वास अडला तर लगेच कळतं. घरी कळत नाही. पालथं किंवा कुशीवर निजलेल्या बाळांत झोपेतच अचानक मृत्यू येण्याचा धोका वाढतो आणि कमी दिवसांच्या बाळांत तो मुळातच जास्त असतो. १९९२ मध्ये अमेरिकेत बाळांना पालथं न निजवण्याचा सल्ला सुरू झाला आणि त्यानंतर असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. म्हणूनच बाळाला गर्भवयाच्या बत्तिसाव्या आठवड्यापासून, म्हणजे रुग्णालयात असतानाच, उताणं झोपायला लावावं, असं अकादमी सांगते. काचेत महिनाभर पालथं पाहिलेलं बाळ आई घरीही तसंच ठेवते. तिने डोळ्यांनी पाहिलेलं असतं की असं ठेवल्यावर ते शांत झोपतं. घरी जाण्याआधी काही दिवस ते उताणं ठेवून दाखवलं नाही, तर कार्डावरच्या ओळीला ती कशी जुमानणार?

उताणं बाळ ओकलं तर दूध श्वासात जाईल, ही भीती प्रत्येक घरात असते. शरीराची रचना मात्र उलटं सांगते. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायला चढावं लागतं. पालथं असताना ते उतरणीने जातं.

डोक्याखाली उशी देणं, पाळण्याच्या पायाखाली विटा लावणं, उतरत्या खुर्चीत निजवणं, या उपायांवर लोकांचा भरवसा फार आणि पुरावा जवळजवळ नाही. उतारावर निजवण्याचा ओकण्यावर ठळक परिणाम दिसलेला नाही. पाळणा-खुर्चीत बाळाचं पोट दुमडतं आणि उलट जास्त दूध वर येतं, हे १९८३ पासून माहीत आहे. शिवाय लहानग्याची मान पुढे पडून श्वासाची वाट चिमटली जाते. अमेरिकेत २०१९ मध्ये एका नामांकित कंपनीला सुमारे ४७ लाख उतरते पाळणे परत घ्यावे लागले, तीसहून अधिक बाळांचे मृत्यू त्यांच्याशी जोडले गेल्यावर. २०२२ मध्ये तिथे दहा अंशांपेक्षा जास्त उताराच्या झोपण्याच्या साधनांवर कायद्याने बंदी आली. ओकणाऱ्या बाळासाठी म्हणून असे पाळणे आपल्याकडे ऑनलाइन अजून मिळतात. आपली साडीची झोळीही याच कारणाने कमी दिवसांच्या बाळाला नको. झोळीत हनुवटी छातीला टेकते.

मग कडेवर धरणं तरी? पाजल्यावर वीस-तीस मिनिटं खांद्याशी किंवा छातीशी उभं धरणं निर्धोक आहे, ढेकर निघतो, बाळ शांतावतं. धरणारा जागा हवा, एवढीच अट. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डुलकी लागणं हे फार धोक्याचं, आणि नाइट शिफ्ट करून सकाळी सात वाजता आलेल्या बापाला ती लागतेच. त्याने आधी झोपावं.

याच उभ्या धरण्याचं शिस्तशीर रूप म्हणजे कांगारू पद्धत. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी काचेच्या पेट्या कमी पडतात म्हणून ती सुरू केली: अंगावर फक्त लंगोट आणि टोपी घातलेलं बाळ आईच्या दोन स्तनांच्या मध्ये, कातडीला कातडी लावून, उभं, पाय बेडकासारखे, मान एका बाजूला, नाक मोकळं. वरून ओढणीने बांधायचं. ओकणं यामुळे किती कमी होतं यावरचे अभ्यास छोटे आहेत. पण इथे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतकं चांगलं आहे की पहिल्यासाठी थांबायला नको. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं ठेवलं, तर २८ दिवसांतला मृत्युदर १२ टक्के राहिला. आधी स्थिर करून मग ठेवलेल्यांत तो १५.७ टक्के होता. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. या सगळ्या यादीत बाळाला मरणापासून वाचवतं असं ठामपणे सिद्ध झालेलं हे एकच काम आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. बापानेही करावं. छाती कुणाचीही चालते.

दूध घट्ट करण्याची कथा मी मुद्दाम मागे ठेवली, कारण सुरुवातीला म्हटलेल्या समजाचा सगळ्यात मोठा तडाखा इथे बसला. घट्ट दूध वर कमी येईल, ही कल्पना पटण्यासारखी आहे. पूर्ण दिवसांच्या, बाटलीने पिणाऱ्या बाळांत ती थोडी खरीही आहे. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात घट्ट दुधाने दिवसाला साधारण दोन गुळण्या कमी झाल्याचं दिसलं. त्याच भरवशावर अमेरिकेत झँथन गमची एक पावडर कमी दिवसांच्या बाळांनाही दिली गेली. औषध नव्हतं, खाण्याचा डिंक होता, दुकानात मिळत होता. काही बाळांना एनईसी झाला, काही गेली. मे २०११ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ही पावडर ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना देऊ नये असा इशारा दिला आणि २०१२ मध्ये तो सगळ्याच वयाच्या तान्ह्यांपर्यंत वाढवला.

आपल्याकडे पावडरची जागा तांदळाची पेज, नाचणीचं सत्त्व किंवा बिस्किट कालवून घेते. आईच्या दुधात पिष्ट पचवणारं एंझाइम असतं, त्यामुळे काढलेल्या दुधात पेज मिसळली की ते थोड्याच वेळात पुन्हा पातळ होतं. अशा दुधाने कमी दिवसांच्या बाळांत काही फरक पडला नाही, हे करून पाहिलेलं आहे. म्हणजे फायदा शून्य, आणि कच्च्या आतड्यावर पिष्टाचा बोजा. 'अँटी-रिफ्लक्स' असं लिहिलेले दुधाचे डबेही याच जातीचे. स्तनपान चालू असताना त्यांच्याकडे वळायचं काही कारण नाही.

घरगुती रिवाजांत सगळं वाईट नाही. शेक, मऊ दुपटं, बाळंतिणीला घरकामातून सुट्टी, हे हवंच. पण अंघोळीच्या बाईने पोटावर जोर देऊन मालीश करणं, पाय धरून उलटं करणं, नाकात तेल घालणं हे कमी दिवसांच्या बाळाला अजिबात नको. वर येणाऱ्या दुधासोबत तेल फुप्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया हट्टी असतो. मालीश पाजण्याआधी, लंगोट बदलणंही पाजण्याआधी. पाजल्यावर पाय पोटावर दुमडले की दूध वर येणारच. अंघोळीनंतर दुपट्यात आवळून बांधायची पद्धत आहे. बांधा, पण पोटावरचा वेढा सैल असू द्या. सहाणेवर उगाळलेल्या गुटीत किती मात्रा गेली हे कुणालाच सांगता येत नाही, आणि पाणी कुठलं तेही. मध वर्षाच्या आत नको, त्यातल्या जंतूंच्या बीजांनी बाळ लुळं पडू शकतं.

एक अपवाद. काही बाळांत सारखं ओकणं, रडणं, शौचात रक्ताचे धागे यांमागे गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असते. तेव्हा डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूध आणि दुधाचे पदार्थ सोडून पाहायला सांगतात. फरक पडला तर ठीक, नाही तर पुन्हा सुरू. आधीच पथ्याच्या नावाखाली वरण-भाताइतकंच खाणाऱ्या बाळंतिणीचं ताट यासाठी आपल्या मनाने आणखी कापू नये.

या सगळ्याचा आधार कोण देणार? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं आणि १९९९ मध्ये त्याचा निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आला: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. त्याच कामातून २०११ मध्ये देशभर घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याचा कार्यक्रम आला, आणि दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडेही आशाताईने ४२ दिवसांत सहा वेळा जायचं ठरलं. बाळांचा पुढे वर्षानुवर्षं माग ठेवण्याचं कामही पुण्यात जुनं आहे: केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते ८९ मधली दोन किलोहून कमी वजनाची बाळं अठरा वर्षांची होईपर्यंत तपासली. चऱ्होलीसारख्या भागात अडचण अशी की गाव महापालिकेत गेलं, सोसायट्या वाढल्या, आणि गेटवर नाव लिहून आत जाणाऱ्या आशाताईला कुठल्या मजल्यावर नवं बाळ आलंय हे कुणी सांगत नाही. बाळ घरी आलं की आपणच जवळच्या महापालिका दवाखान्यात कळवावं. वजनकाटा तिथे आहे आणि या प्रश्नात वजनकाट्याइतकं खरं कुणी बोलत नाही. बाळ ओकत असेल आणि वजन ठरल्याप्रमाणे वाढत असेल, तर फक्त दुपटी जास्त धुवावी लागतात.

वजन थांबलं किंवा उतरलं तर मात्र दाखवायला न्या. हिरवी किंवा पिवळीजर्द उलटी, उलटीत रक्त, पोट फुगून ताणलेलं, शौचात रक्त, दर वेळी लांब फेकली जाणारी जोराची उलटी, पिणं सोडून देणं, अंग गार किंवा तापलेलं, श्वास थांबणं, निळेपणा: यातलं काहीही दिसलं तर सकाळची ओपीडी बघत बसू नये, रात्रीच निघावं. निघताना डिस्चार्ज कार्ड घ्या, शेवटचं दूध किती वाजता आणि किती दिलं ते लिहून घ्या. ओकलेलं दुपटं प्लास्टिकच्या पिशवीत सोबत ठेवा. उलटीचा रंग ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेल्या मोबाइलच्या फोटोत कळत नाही.